सहापर्यंतचा पगार

समस्त सज्जनांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, मेहरूण तलावाच्या बाजूच्या आमच्या कॉलनीत एके काळी संध्याकाळचे सहा वाजणे बंद झाले होते. पाच वाजत, साडेपाच वाजत, आणि मग एकदम आठ. मधला वेळ कुणीतरी उचलून नेत असे. कोण नेत असे, ते सांगायलाच मी बसलो आहे.

तो वेळ अक्काचा होता. अक्का म्हणजे शेजारच्या साहेबांची मुलगी सांभाळणारी बाई, मूळची शिरपूरकडची. साहेब सरकारी कचेरीत, त्यांची बायको, म्हणजे ताई, बँकेत, आणि दोन वर्षांची छकुली दिवसभर अक्काच्या कडेवर. साडेपाचनंतर अक्का फाटकाशी येऊन उभी राहायची आणि रस्त्याकडे बघत म्हणायची, "येतीनच आता." हे ती छकुलीला सांगायची, मला सांगायची, फाटकावरच्या कावळ्यालाही सांगायची. शेवटी कावळा कंटाळून आपल्या घरी जायचा.

तुम्ही म्हणाल, कचेरीत काम असेल. माझंही आधी तेच मत होतं. मग मी दोघांना बाजारात पाणीपुरी खाताना पाहिलं. एकदा सिनेमाच्या रांगेत पाहिलं. शिवाय ताईंची भिशी, साहेबांचं बॅडमिंटन. खा की पाणीपुरी, माझी ना नाही. पण दुसऱ्याचा वेळ चटणीला लावून खाऊ नये.

अक्काला सातला दुसरीकडे पोचायचं असायचं. स्टेशनाजवळ नानांची खानावळ होती, कॉलेजच्या पोरांची. तिथे ती भाकरी करायची आणि त्यातून तिच्या खोलीचं भाडं निघायचं. तिला उशीर झाला की नाना स्वतः भाकरी थापत. ती भाकरी समोर धरून पोरं भूगोलाच्या गप्पा मारत.

एकदा माझ्यासमोरच अक्का म्हणाली, "ताई, उशिराचं काही वेगळं देत जा. तिकडे नाना रागावतस."

ताई गोड हसल्या. "अक्का, तुम्ही घरच्याच ना. घरच्यांत कसले वेगळे पैसे?"

घरच्याच. वाचकहो, या शब्दाने माझं डोकं आजही तापतं. या घरच्या बाईचा कान तुटलेला कप खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पालथा असायचा. घरच्या माणसाचा कप घराबाहेर का, हा प्रश्न त्या घरात कुणालाच पडत नव्हता. फारच उशीर झाला की अक्काला डब्यात भरीत मिळे, आदल्या दिवशीचं. आणि डबा घासून परत आणायचा, हे बजावून.

शेवटी नानांनी तिला स्पष्ट सांगितलं, उद्या सातला आली नाहीस तर दुसरी बाई ठेवतो. अक्कानं हे सकाळीच साहेबांच्या कानावर घातलं. साहेब बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "आज सहाला नक्की."

सहा झाले. साडेसहाही झाले. त्या दिवशी अक्का "येतीनच आता" म्हणाली नाही. तिने दाराला कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि छकुलीला कडेवर घेतलं. "भाऊ, सांगज्यात त्यासले. मी खानावळमा शे."

आठ वाजता जोडपं आलं. मी किल्ली दोन्ही हातांनी अर्पण केली आणि निरोप मुद्दाम सावकाश सांगितला. स्कूटर भरधाव सुटली. मागून मी सायकलवर. असला प्रयोग चुकवणं माझ्या स्वभावात नाही.

खानावळीत छकुली पोरांच्या पंगतीत पाटावर बसली होती. गालाला पीठ, पुढ्यात दुधात कुस्करलेली भाकरी. तिला आई-बापांकडे बघायला सवड नव्हती.

"आमची मुलगी चोरलीस तू?" ताई म्हणाल्या. अहोजाहो दारातच राहिलं होतं.

अक्कानं तव्यावरची भाकरी उलटली. "चोरी कसानी, ताई? निरोप ठेवेल शे ना."

"मग पगार कशाचा देतो आम्ही तुला?" साहेब गरजले.

"सहापर्यंतचा," अक्का म्हणाली.

मग नाना खांद्यावरच्या फडक्याला हात पुसत आले. "साहेब, बाळाचं अर्धंच ताट धरतो."

साहेबांनी पाकीट काढलं आणि अर्ध्या ताटाचे पैसे दिले. लगेच, रोख. चुलीपुढच्या बाईकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. छकुलीला उचललं, तेव्हा ती अक्काच्या पदराला लोंबकळली. तिच्या मुठी अक्कालाच सोडवाव्या लागल्या.

अक्का परत कामावर आली नाही. कॉलनीचं एकमत झालं, की मूल घेऊन गेली म्हणजे फार झालं. माझ्याशी त्यावरून दोन घरांनी बोलणं सोडलं, ते एका परीने बरंच झालं. पुढे नानांची खानावळ बंद पडली आणि अक्का धुळ्याला भाचीकडे गेली, एवढंच कळलं. छकुली कितीतरी दिवस आई-बापांची स्कूटर आत आल्यावरही रस्त्याकडेच बघत राहायची.

दुसरी बाई काही मिळेना. तेव्हा साहेबांनी जामनेरहून स्वतःच्या आईला आणलं. आठवडाभराने एका संध्याकाळी म्हातारी फाटकाशी उभी होती. नात कडेवर रडून थकलेली, आजूबाजूला आम्ही चारजण. आठला स्कूटर आली. सासूबाईंचा चेहरा बघून ताईंनी घाईघाईने जुन्या बाईची कथा काढली. ती कशी होती, काय सांगू आई, आपल्या छकुलीला सरळ खानावळीत घेऊन गेली.

म्हातारीने नातीला सुनेच्या हातात दिलं, कंबर चेपली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलून गेली, "नुसती खानावळीतच नेली? मी असते तर एसटीत बसवून जामनेरला नेली असती."