शिळं पाणी

आमचं मूळ गाव धरणाच्या तळाशी आहे. पुण्याला पाणी हवं म्हणून ते बुडवलं आणि वडिलांना लोणी काळभोरजवळ कालव्याकाठची जमीन दिली. तिथे त्यांनी पेरूची बाग लावली. मला कसबा पेठेत दिली. म्हणजे बुडवणाऱ्यांच्याच घरी, असं मी चिडले की म्हणते. घरात कुणी मनावर घेत नाही.

यंदा चैत्रातच बागेची विहीर आटली. धाकटा भाऊ कालव्याचं पाणी मागायला पुण्यातल्या कचेरीत आला. तिथे खालच्या तालुक्यातलेही आले होते. ते साहेबांना सोडून भावावरच तुटून पडले, की लोणीवाले वाटेतच मोटारी टाकून पाणी पळवतात. साहेबांनी त्यांना मनसोक्त भांडू दिलं आणि मग सांगितलं, आधी शहराचं पिण्याचं, नंतर तुमचं बघू.

त्या दिवशी तो आमच्याकडे राहिला. सकाळी नळाला पाणी आलं. सासूबाईंनी पदर खोचला आणि नेहमीप्रमाणे कालचं पाणी ओतायला घेतलं. हंडा, कळशी, मग पिंप. काल भरलेलं पाणी आज शिळं, हा आमच्या घरचा नियम. पाणी चांगलं नितळ होतं. भाऊ चहाचा कप हातात धरून मोरीकडे बघत राहिला.

"आई, पिंप राहू द्या आज," मी म्हटलं.

"पाहुण्याला शिळं पाणी द्यायचं का?" सासूबाई म्हणाल्या. खरंच, त्या ते त्याच्यासाठीच करत होत्या. मला रडू आवरेना, आणि राग कुणावर काढावा तेही कळेना.

"ताई, आपलं घर ह्याच पाण्याखाली हाय न्हवं?" एवढंच भाऊ बोलला आणि चहा तसाच ठेवून निघाला.

त्यानंतर मी रोज पेपरात कालव्याची बातमी शोधायचे. फोन केला की तो सांगायचा, पानं गळली. मग म्हणाला, फांद्या वाळल्या. मग फोनच उचलेना. मी देवापुढे बसायचे आणि काय मागावं ते सुचायचं नाही. आमचा नळ बंद कर, असं कोणत्या तोंडाने मागणार?

शेवटी एका सकाळी त्याचाच फोन आला.

"कालव्याला पाणी सुटलं, ताई. बाग कालच तोडली. आता ह्या पाण्याचं काय करू, तूच सांग."

माझ्या मागे सासूबाई पिंप उपडं करत होत्या, आणि ते त्याला फोनवर ऐकू जात होतं.