पिन काढून ठेवणारी आत्या

खोलीतून बाहेर पडताना आत्या बोर्डातली प्रत्येक पिन काढून ठेवायची. फ्रिज तेवढा सुटला होता, तोही तिच्या मुलानं, संजूनं हट्ट धरला म्हणून. टीव्ही, मिक्सर, टेबलफॅन, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांच्या वायरी गुंडाळून बाजूला ठेवलेल्या असायच्या. नुसतं बटण बंद करून तिचं समाधान होत नसे. "बटनाचं काय खरं नाय," एवढंच म्हणायची. पिन काढताना पायात रबरी चप्पल आणि हातात कोरडा टॉवेल हवाच. लावायची वेळ आली की मात्र ती स्वतः लावत नसे. मला हाक मारायची, मी नसले तर शेजारच्या काकूंना.

बारावीनंतर शिकायला मी पाचोडहून तिच्याकडे शहरात आले. त्या वर्षी आमच्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या होत्या. आत्याचं घर गारखेड्याच्या पुढं, नव्या वसाहतीत. तिथं आधी घरं झाली, मग रस्ते, आणि पाण्याचं तेवढं राहून गेलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. गल्लीत जो तो नळाला मोटर लावून पाणी ओढायचा. फक्त आत्याकडे मोटर नव्हती. सगळ्या मोटरी सुरू झाल्या की तिचा नळ नुसता फुसफुसायचा. ती घागर तशीच धरून बसायची आणि शेजाऱ्यांचं भरून झालं की उरलेलं घ्यायची. तिनं त्यावरून कधी कुणाशी भांडण केलं नाही.

कारण सगळ्यांना माहीत होतं. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मामा त्याच अंगणात पाण्याच्या मोटरला चिकटून गेले. मी तेव्हा लहान होते. आत्या रडली नाही, असं माझी आई सांगायची. दिवस झाले तशी तिनं मोटर भंगारात दिली आणि ती शिवणाच्या मशीनवर बसली. मामांबद्दल ती बोलतच नसे, चांगलं नाही की वाईट नाही. त्यांचा फोटो पुसायची तोही कपाट पुसावं तसा. बाई दगड झाली, असं लोक म्हणत. मला ती दगड वाटली नाही. घराला कुलूप लावून कुणी गावाला जावं, तशी वाटायची.

तिला काहीही विचारलं तरी उत्तर एकच असायचं, "चालतंय." भाजी कशी झाली? चालतंय. संजूला पहिल्या वर्गाचे मार्क पडले, चालतंय. संजू हॉटेलचा कोर्स करून पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर खोल्या लावायच्या कामाला लागला, तेव्हाही तिनं त्याच्या हातात दशम्यांचा डबा दिला आणि तेवढंच म्हणाली. काही वर्षांनी त्याला घरच्या माणसांना सफरीवर न्यायची परवानगी मिळाली. "आई, एकदा ये. मी काय काम करतो ते बघ तरी," तो फोनवर म्हणाला. आत्यानं तव्यावरची पोळी उतरवली आणि म्हणाली, "चालतंय." सोबतीला मी गेले.

सामान मी भरलं होतं. मुंबईच्या बंदरावर बॅगा तपासल्या, तेव्हा माझी इस्त्री, चहाची किटली आणि एक्स्टेंशन बोर्ड काढून घेतला. परत उतरताना मिळेल म्हणाले. मी जरा हुज्जत घातली. संजू मधे पडला. "ताई, जहाजावर सगळ्यात जास्त आगीला भितात. खोलीत असलं काही चालत नाही." माझं दम्याचं वाफेचं मशीन तेवढं आत जाऊ दिलं, कारण त्याची परवानगी त्यानं आधीच काढली होती. आत्या हे सगळं लक्ष देऊन बघत होती. "शहाणी माणसं हायेत," ती म्हणाली. चालतंयच्या पलीकडं एखाद्या गोष्टीचं कौतुक तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

खोली लहान होती, बिनखिडकीची. आरशाखाली एकच बोर्ड, त्याला दोनच भोकं. आपली तीन काड्यांची पिन त्यात बसत नाही म्हणून संजूनं एक जोडपिन आणून दिली. दाराशी एक खाच होती. तिच्यात खोलीचं कार्ड खोचलं की वीज यायची, काढलं की सगळं एकदम बंद. आत्याला ती खाच फार आवडली. ती तासाभरासाठी बाहेर निघाली तरी कार्ड काढून नेई. एकदा मी न्हाणीत असताना ती असं कार्ड घेऊन गेली आणि मी अंधारात तोंडाला साबण लावून उभी राहिले. परत आल्यावर म्हणाली, "घरी असं पाहिजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून आम्ही खोलीत आलो, आत्यानं कार्ड खाचेत खोचलं. वाटेत कुणीतरी उग्र अत्तर मारलं होतं, त्यात ती गार हवा. माझी छाती भरून आली. तोंडात मारायच्या पंपानं काही फरक पडेना. मी पलंगाच्या कडेला वाकून बसले. बोलता येत नव्हतं. मी बॅगेकडे बोट दाखवलं. आत्यानं भिंतीवरचा फोन उचलला. पलीकडून कुणीतरी इंग्रजीत बोललं. "पोरीला धाप लागलीय," तिनं सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि फोन ठेवला.

मग तिनं बॅग उघडली. बॅगेतून मशीन काढलं, मी घरी करायचे तसं औषध त्यात ओतलं. पदराला हात पुसले, एकदा, आणि पुन्हा एकदा. पिन हातात धरून ती बोर्डासमोर उभी राहिली. मला तिची फक्त पाठ दिसत होती. मला वाटलं आता ती दाराबाहेर जाऊन कुणाला तरी हाक मारेल. ती गेली नाही. तिनं पिन लावली, बटण दाबलं. मशीन घुरघुरायला लागलं. तिनं मास्क माझ्या तोंडावर धरला आणि शेजारी बसली.

थोड्या वेळानं श्वास जरा मोकळा झाला. आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"ते अंगणातून वरडले, बटन बंद कर," ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. "म्या केलं. केलं व्हतं गं. तरी मोटरीत करंट राहिला. लोक म्हणले, बाईनं बटन बंद केलं नसंल. सासूबी तेच म्हणली. मला कुणी इचारलंच नाय."

मी मास्क बाजूला केला. "तू केलं होतंस," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली, आणि मास्क पुन्हा माझ्या तोंडावर ठेवला.

फोन कुठल्या खोलीतून आला ते कळून जहाजावरचे डॉक्टर आले, त्यांच्या मागोमाग संजू धावत आला. मशीन चालू बघून तो थबकला. "कुणी लावलं?"

"लागलं," आत्या म्हणाली.

घरी आल्यावर तिच्यात काही बदल झाला, असं नाही. पिना निघत राहिल्या, मोटर आली नाही. त्या बटणाची गोष्टही पुन्हा निघाली नाही, ना तिच्याकडून ना माझ्याकडून. संजूला मी सगळं सांगितलं. त्याची आजी तोवर वारली होती, त्यामुळे आणखी कुणाला सांगायचं राहिलं नव्हतं.

पुढे असाच एक कोरडा उन्हाळा आला. आत्या दुपारी आडवी झाली ती उठली नाही. संजू भर समुद्रात होता, त्याला फोनवरून तिचा चेहरा दाखवला. गावाकडून माणसं येणार होती, आंघोळींना पाणी लागणार होतं, म्हणून मी टँकर बोलावला. टँकरवाला तरुण होता. पाइप टाकीत सोडत त्यानं अंगणातल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"लग्न आहे का, ताई?"

"नाही."

टाकी भरून पाणी वाहायला लागलं, अंगणभर पसरलं. त्यानं पाइप काढला, गुंडाळला, गाडी मागं घेतली. मी ओल्या फरशीवर उभी होते. पायात रबरी चप्पल घालायची राहिली होती.