उजव्या टोकाची केमिस्ट्री

रुकय्या निकाह होऊन भिवंडीच्या लूमवाल्या घरात आली, ती बारावीच्या केमिस्ट्रीत गचकूनच. शहाऐंशी सालची गोष्ट. माहेरच्यांनी पुस्तकं कधीच बांधून ठेवली होती. पण सासू कुबरा म्हणाली, "अर्धं विणलेलं कापड मला बघवत न्हाय. ऑक्टोबरला परत बस." आणि पाठ करून घ्यायला स्वतःच पुस्तक धरून बसली.

कुबरा उर्दू चौथी शिकलेली. इंग्रजी अक्षरं तिला नक्षीसारखी दिसत. उर्दू उजवीकडून वाचायच्या सवयीनं तिनं बोट ठेवलं ते पानावरच्या समीकरणाच्या उजव्या टोकाला.

"हे कशापासून झालं?"

"अम्मा, ते उत्तर आहे. सुरुवात डावीकडून असते."

"तुझी असंल. हे कशापासून झालं, ते बोल."

रुकय्याचं सगळं घोकलेलं. पहिल्या पदार्थापासून सुटली की शेवटीच थांबायची. उलटं कुणी विचारलंच नव्हतं.

मग संयुगांना नावं द्यायची पाळी आली. पाच कार्बनच्या साखळीला एक फांदी फुटलेली. रुकय्यानं डावीकडून मोजून ठोकून दिलं, "फोर-मिथाईल पेंटेन." कुबरानं उजवीकडून बोट नाचवलं. "फांदी तर दुसऱ्यावर हाय!" सासूला समजवायला म्हणून रुकय्यानं नियम काढला, आणि जीभ चावली. फांदीला लहान आकडा मिळेल त्याच टोकाकडून मोजायचं होतं. नाव टू-मिथाईल पेंटेन! मार्चच्या पेपरात ती हेच चुकून आली होती.

तेव्हापासून अभ्यासाला रंग चढला. लूम घराला लागूनच, त्यामुळे खडखडाटात ओरडूनच बोलावं लागे. एके दुपारी रुकय्या बेंबीच्या देठापासून ओरडली, "ब्रोमीन निघून गेला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला!" नेमकी तेव्हाच लाइट गेली. लूम थांबले. वाक्य गल्लीभर घुमलं.

शेजारची आक्का भाजी टाकून धावत आली. "कोन गेला? आन दुसरा कोन बसला गं बाय?"

"ओएच," कुबरा शांतपणे म्हणाली. "मागच्या बाजूनं घुसला."

"मागच्या दारानं? लतीफला ठावं हाय का?"

संध्याकाळी रुकय्याचा नवरा लतीफ घरी आला तो चेहरा पाडूनच. "अम्मा, आपल्याकडे ब्रोमीन कोण राहत होता?" सासूसुना हसून हसून लोळल्या.

ऑक्टोबरच्या पेपरात प्रश्न आला: वन-प्रोपेनॉलपासून ॲसिटोन करा. डावीकडून रुकय्याला वाट सुचेना. मग तिनं बोट ॲसिटोनवर ठेवलं. हे कशापासून? टू-प्रोपेनॉलचं ऑक्सिडेशन केलं की. ते कशापासून? प्रोपीनला आम्लात पाणी जोडलं की. आणि प्रोपीन? वन-प्रोपेनॉलमधलं पाणी काढलं की! पूल पलीकडून बांधत आणला आणि उत्तर सरळ लिहून काढलं.

पुढे ती बीएस्सी झाली, नव्वदनंतर मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवू लागली. पण घरात गप्पा निघतात त्या बारावीच्या निकालाच्या दिवसाच्या. लतीफनं मिठाई आणली, आक्कानं ब्रोमीनची खुशाली विचारून घेतली. कुबरानं सुनेच्या तोंडात पेढा भरवला, हात पुसले आणि लेकाकडे वळली.

"तुझं दहावीचं इंग्लिश राह्यलंय ना रे?"

लतीफ चपला न घालताच लूमच्या कारखान्याकडे निघाला.