वाळलेल्या गवताचा रंग

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, लॉन्ड्री चालवतात. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक पडदा. ओलं बोट लावून इस्त्रीचा ताव ओळखणारा हा माणूस रंगांच्या बाबतीत मात्र ठार अडाणी. डोळ्यांत जन्मजातच दोष आहे. लाल, हिरवा, तपकिरी त्यांना सगळे एकाच मातीचे वाटतात. निळा तेवढा स्वच्छ दिसतो. गिऱ्हाइकांच्या मोज्यांच्या जोड्या लावायचं काम म्हणूनच ताईकडे असे. एकदा ती माहेरी चार दिवस जास्त राहिली, तर अर्ध्या गल्लीच्या पायांतले मोजे एकमेकांना ओळखेनात. हा किस्सा मी तिखटमीठ लावून सगळीकडे सांगतो. विमा एजंट आहे मी, जिभेवरच पोट भरतो.

ताईच्या हातून आधी कप पडला. मग किल्ली, मग सुरी. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते लांबलचक होतं, अर्थ थोडक्यात होता. एकेक स्नायू निकामी होत जाणार. आधी हात, मग पाय, मग जीभ, शेवटी श्वास. औषध नाही. ताईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि घरी येऊन एवढंच म्हणाली, की होईल तोवर भाजी मीच चिरणार, माझ्या ओट्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

पण बाजारातल्या सुऱ्यांच्या मुठी बारीक. तिच्या पकडीत त्या राहीनात. तेव्हा भाऊजींनी ठरवलं, की तिच्या हाताला बसेल अशी सुरी आपणच करायची. मला हसू आलं. या माणसाने जन्मात एक खिळा सरळ ठोकलेला नव्हता. पण ते मोबाइलवर सुऱ्या करणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसले, भंगारातून लोखंड घासायची एक जुनी कानस आणली, मागच्या अंगणात चार विटांची भट्टी रचली आणि वाऱ्यासाठी तिला केस वाळवायचं यंत्र लावलं. ते यंत्र ताईचंच होतं. तिने कुरकुर केली, पण दिलं.

कानस तापवून मऊ करायची, घासून पात्याचा आकार द्यायचा, पुन्हा लालबुंद करून तेलात बुडवायची. याला पाणी देणं म्हणतात, देतात मात्र तेल. लालबुंद म्हणजे किती हे भाऊजींना दिसणार नव्हतं, म्हणून त्यांनी तारेला चुंबक बांधलं. पातं चुंबकाला चिकटेनासं झालं की ते तयार. पहिली सुरी अशी तयार झाली, ओट्यावरून फरशीवर पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. मी म्हटलं, काचेची केलीत की काय? थट्टेतच म्हटलं होतं, पण नेमकं तेच झालं होतं. पाणी दिलेलं पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. त्याला नंतर मंद आचेवर थोडं नरमवावं लागतं.

मंद आच त्यांच्या घरात होतीच. थर्मोस्टॅट बिघडलेली एक जुनी जड इस्त्री पडून होती, ती त्यांनी उलटी करून फळीवर ठोकली. तिच्या तळावर घासून चकचकीत केलेलं पातं ठेवलं की त्यावर रंग चढत जातात. आधी वाळलेल्या गवताचा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. गवताचा रंग आला की पातं उचलायचं. निळ्यावर गेलं तर ते इतकं मऊ होतं की धार टोमॅटोवरही वळते. दुसरी सुरी निळ्यावर गेली. भाऊजींना तेवढाच रंग दिसला. पातं वाया गेलं हे त्यांना कळे, जायच्या आधी कळत नसे.

मग ताई इस्त्रीजवळ स्टुलावर बसू लागली. ती "आता" म्हणायची, ते चिमट्याने उचलायचे. तिसरी सुरी फक्कड जमली. मूठ जाडजूड, ताईच्या बोटांच्या ठशाबरहुकूम. तिने मळलेली कणीक मुठीत दाबायची आणि त्यांनी तो आकार लाकडात उतरवायचा, अशी युक्ती होती. त्या दिवशी ताईने टोमॅटोच्या चकत्या केल्या आणि मीठ लावून मलाच खायला लावल्या. हसलास ना, आता खा, म्हणाली. इतकी खूश मी तिला आजारात नंतर कधी पाहिली नाही.

थोड्याच दिवसांत तिची बोटं मिटेनात. भाऊजींनी करवतीसारखी उभी मूठ केली. ती होईपर्यंत मनगट गेलं. मग जुन्या पट्ट्याचं चामडं कापून हात अडकवायला कडं केलं. ते होईपर्यंत हात उचलेना. भाऊजींचा हात बसत चालला होता आणि ताईचा सुटत चालला होता. खिडकीत एकाहून एक सुबक सुऱ्यांची रांग लागली आणि एकही तिच्या उपयोगाची नव्हती. एकदा माझा तोल गेला. मी ताईदेखत त्यांना म्हटलं, की हा छंद आता पुरे करा आणि हिच्या उशाशी बसा. भाऊजी मान खाली घालून कानस घासत राहिले. ताईची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती, पण तिने मला जवळ बोलावलं.

"करू दे त्यांना," ती म्हणाली. "नुसते बसले की माझ्याकडे बघत राहतात. ते मला सोसत नाही."

मला माझीच लाज वाटली.

पुढे "आता" हा शब्दही तिला म्हणता येईना. मग ती डोळे मिटायची आणि भाऊजी पातं उचलायचे. ते पात्याकडे बघतच नसत, तिच्या चेहऱ्याकडे बघत. शेवटच्या सुरीचं पातं सगळ्यांत सरस निघालं. मुठीसाठी त्यांनी तिच्या हातात कणीक दिली, पण ठसा उमटेना. तेव्हा तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून त्यांनीच ती दाबली. मूठ झाली, पण ती तिच्याही हाताची नाही आणि त्यांच्याही हाताची नाही. ती सुरी ताईच्या हातात घालून, वरून आपल्या हाताने धरून, त्यांनी एक टोमॅटो कापला. ताईने बघितला. त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली.

आता भाऊजी त्याच सुरीने भाजी चिरतात. मूठ हातात फिरते, त्यामुळे दर वेळी कुठल्या तरी बोटाला पट्टी असते. परवा मला बघवलं नाही. मी म्हटलं, तुमच्या हाताची एक करा की.

"रंग कोण सांगणार?" ते म्हणाले.

मी सांगतो म्हटलं. त्यांनी पातं घडवलं, पाणी दिलं, घासून चकचकीत केलं आणि इस्त्रीवर ठेवलं. मी ताईच्या स्टुलावर बसलो. इतके दिवस मी हे लांबूनच पाहिलं होतं. पात्याच्या पाठीकडून पिवळसर छटा हळूहळू सरकत आली आणि धारेपर्यंत पोचली. वाळलेल्या गवताचा रंग, अगदी ताई सांगायची तसा. एक शब्द म्हणायचा होता. भाऊजी चिमटा धरून माझ्या तोंडाकडे बघत होते, तिच्याकडे बघायचे तसेच. आयुष्यभर बोलून पोट भरलं मी, आणि तो शब्द काही तोंडातून निघेना. तपकिरी आला, गेला. जांभळा आला.

भाऊजींनी खाली पात्याकडे पाहिलं.

"निळा झाला," ते म्हणाले. "हा मला दिसतो."

आणि त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.