मधोमध पडलेला चिंचोका

आकाराम गुळव्याच्या घरात बोलायचं काम एकट्या आकारामाचं. बाकीच्यांनी ऐकायचं. पाहुणा आला आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला, मनुबाईला, "काय म्हातारे, बरी हायस का?" असं विचारलं, की ओट्यावरून हाच सांगायचा, "बरी हाय. भाकरी चांगली खाती." म्हातारी नुसती मान हलवायची. बायकोला, राहीबाईला, नाहीतर पोरांना भूक लागली का नाही तेही ह्यालाच ठाऊक. गडी वाईट नव्हता. आईला त्यानं कधी उपाशी ठेवलं नाही. फक्त तिला काय पाहिजे ते तिच्याआधी त्याला कळायचं.

कान मात्र देवानं सोन्याचा दिलेला. गुऱ्हाळावर पाक शिजला की त्याचा थेंब गार पाण्यात सोडायचा, गोळी वळायची आणि काहिलीच्या काठावर मारायची. दुसऱ्यांना टण् आवाज यायचा, आकारामाला त्या आवाजात गूळ ऐकू यायचा. "उतरा!" म्हणाला की काहील उतरायची. आजूबाजूच्या चार गावांत त्याच्यावाचून चुलवाण पेटत नव्हतं. पण सगळा ऊस दुसऱ्याचा. ह्याचं रान कोरडं, ओढ्याच्या वर, कुसळं उगवणारं.

गाव औंध संस्थानातलं. तिकडं विलायतेत लढाई पेटली त्या सुमाराला संस्थानानं गावांना सांगितलं, तुमचा कारभार तुम्हीच बघा, पंच निवडा. चार पंच बसल्या बैठकीला ठरले. पाचव्याला अडलं. एकीकडं राहीबाईचा भाऊ जोतिबा, दुसरीकडं ओढ्यापलीकडचा कोंडीबा. पाचवा पंच ओढ्याच्या ज्या अंगाचा, ओढ्यावरच्या बंधाऱ्याचा पाट त्याच अंगाला वळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. जोतिबा आला तर आकारामाचं रान भिजणार, स्वतःचा ऊस लागणार. कोंडीबा आला तर कुसळं होतीच.

गोची एकच. कोंडीबाची आई प्लेगात गेली तेव्हा मनुबाईनं त्याला आकारामाच्या जोडीनं अंगावर पाजलेलं. अजून तो बांधावरनं जाताना हाक मारायचा, "आयं, हायस का?" आणि म्हातारी, जी घरात तोंड उघडत नव्हती ती, त्याला चांगली खणखणीत शिवी घालायची.

गावात लिहिता-वाचता येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. म्हणून चावडीत घोंगडीचा आडोसा केला. आत दोन गाडगी. उजव्या हाताचं हळद फासलेलं, ते जोतिबाचं. डाव्या हाताचं लाल कावेनं रंगवलेलं, ते कोंडीबाचं. प्रत्येकाला एक चिंचोका द्यायचा, त्यानं आत जाऊन मनातल्या गाडग्यात टाकायचा.

मनुबाईला चालवत नव्हतं, डोळ्यांनी अंधुक दिसायचं. आकारामानं तिला पाठुंगळी घेतलं. वाटेत सांगत राहिला, "हळदीचं गाडगं. उजव्या हाताचं. चाचपून बघ."

"बरं."

"डाव्याकडं हात गेला तर परत माज्या पाठीवर बसू नगंस. जा त्याच्या घरी रांगत."

म्हातारी पाठीवर तेवढी जड झाली.

मत द्यायला शेवटची तीच. आकारामानं तिला आडोशाच्या आत टेकवलं आणि बाहेर येऊन उभा राहिला. सकाळपासून आतून आवाज येत होता, टक्, टक्, माणूस गेलं की टक्. आता तो कान देऊन उभा. बराच वेळ गेला. आवाज नाही. मग म्हातारीची हाक आली, "चल बाबा."

"टाकलास?"

"ठेवला."

त्यानं पुढं विचारलं नाही. पाठीवर घेतलं आणि घरी आणलं.

दिवस कलता गाडगी उपडी केली. दोन्हीकडचे चिंचोके सारखे. आणि एक चिंचोका जमिनीवर, दोन्ही गाडग्यांच्या मधोमध, सारवणावर नीट ठेवल्यासारखा. म्हातारीच्या आधी आत गेलेल्यानं शपथेवर सांगितलं, तवा भुई मोकळी होती. मग काय, चावडीत बाजार भरला. जोतिबाच्या माणसानं कडब्याचं धाट आणून मापलं, "हळदीकडं बोटभर जवळ हाय!"

"आरं, गुडघ्यानं गाडगं सरकवलंस की तू! आमी आंधळं हाय व्हय?"

"म्हातारीनं टाकला, काठावर आपटून भाईर पडला."

"काठावर आपटला तर उड्या मारत जाईल. आसा देवाम्होरं ठेवल्यासारका बसंल व्हय रं?"

पुन्हा मोजलं. पुन्हा सारखेच. संस्थानाकडून आलेला कारकून घाम पुसत म्हणाला, "उद्या सकाळी बाईलाच विचारू. तिच्या मनात कोण होतं ते तीच सांगेल."

त्या दिवशी जेवताना आकाराम आईला म्हणाला, "उद्या इचारतील. हळदीचं गाडगं म्हनायचं. ऐकलंस?"

"बरं बाबा," म्हातारी म्हणाली. ताटातली भाकरी तशीच होती.

सकाळी कारकून, जोतिबा, कोंडीबा, मागं अर्धं गाव असं सगळं दारात आलं. आत राहीबाईनं टाहो फोडला होता. मनुबाई पहाटेच गेली होती.

मेलेल्या बाईचं मन कसं मोजायचं? कारकून म्हणाला, "दोघं मिळून काय ते ठरवा, नाहीतर चिठ्ठी टाकू." पण चिठ्ठीला दोघंही तयार नव्हते. शेवटी कोंडीबाच बोलला, "दहाव्याला कावळा सांगंल. आयचं मन कावळ्याला कळंल." सगळ्यांना पटलं. जोतिबालाही पटलं. न वाजलेला चिंचोका फक्त आकारामानं ऐकला होता; म्हातारीनं तो कुणालाच दिला नव्हता, हे त्यालाच ठाऊक.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड मांडला. मर्तिकाला आलं नसतं एवढं गाव जमलं. कावळा आला, बाभळीवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. आधी कोंडीबा पुढं झाला. हात जोडले. "आयं, तुज्या मनात मी आसलो तर शीव. नसलो तरी माजा राग न्हाई गं." कावळा जागचा हलला नाही. ऊन चढलं. कोंडीबा मागं सरला.

"आकाराम, तू हाक मार," जोतिबानं ढोसलं. "तुजं ऐकंल."

आकाराम पिंडासमोर उभा राहिला. ह्या कावळ्याला खरं सांगितलं तर रान कोरडं. तोंड उघडलं आणि नेहमीचाच आवाज निघाला, ओट्यावरचा. "आई, हळदीचं गाडगं. चल."

कावळा तटकन खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

गावानं एकच कल्ला केला. जोतिबाला खांद्यावर उचललं. आकाराम तिथंच उभा. खोटं बोलल्यावर कावळा शिवला नसता तर त्याला सोसलं असतं. जिवंतपणी एकदाच, आडोशाच्या आत, म्हातारीनं त्याचं ऐकलं नव्हतं. आणि आता, जिथं कुणाच्या बापाचं ऐकायची गरज नव्हती तिथनं ती उठून आली होती. बरं बाबा म्हणत.

पाट वळला. रान भिजलं, ऊस डोक्यावर गेला. पण पाकाच्या पहिल्या आधणाला आकारामानं गोळी वळून काठावर मारली आणि तसाच थांबला. पुन्हा मारली. "वाजली का रं?" त्यानं चुलवाणावरच्या गड्याला विचारलं.

"वाजली की. तुमी न्हाई ऐकली?"

पाक करपला. त्या सालात तीन-चार गुऱ्हाळांवर असंच झालं, तशी लोकांनी पलूसकडचा दुसरा गुळव्या बोलावला. आकाराम चालताना पाठीत वाकायला लागला, दोन्ही हात मागं घेऊन, कुणाला तरी सावरल्यासारखा. पोरं मागनं हसायची.

पित्रांच्या पंधरवड्यात राहीबाईनं खीर, वडे केले. आकारामानं पान पत्र्यावर ठेवलं आणि खाली उतरून भिंतीला टेकून बसला. कावळा आला. वळचणीवर बसला. शिवेना. पान गार झालं, माश्या आल्या. जोतिबा जेवायला येऊन खोळंबलेला.

"आवं, काय तरी बोला की," राहीबाई म्हणाली. "तुमी म्हनला की शिवतोय. पोरं उपाशी हायती."

"न्हाई बोलत," आकाराम म्हणाला. "पोरास्नी घाल तू जेवायला."

"आन् न्हाईच शिवला तर?"

"तर न्हाई. तिचं ती बघंल."

दिवस मावळला तरी तो तिथंच होता. वळचणीवरचा कावळाही.