तोडलेली पिन

“येत्या रविवारी तुझ्या त्या पेटीला हात टेकूनच हुबी ऱ्हानार म्या, ओझेल. कुनी हालवलं तरी हालायची न्हाय. आन ह्यो केक धर.”

“आवो मदर, केक कशापायी?”

“कशापायी म्हंजे? जल्म गेला ज्याची वाट बगन्यात, त्यो तुझ्या वाजवन्यात उतरला माज्यावर. लोनी सढळ हातानं घातलंय. खा.”

सरकी काढायच्या कारखान्याच्या, जिनाच्या, आवारात कापसाच्या ट्रॉल्या रांगेनं लागल्या होत्या. ओझेल गेन्स एका ट्रॉलीत कमरेइतक्या कापसात उभा होता आणि वरून लोंबणारा, कापूस आत ओढणारा जाडजूड नळ दोन्ही हातांनी फिरवत होता. मदर टॉलिव्हरनं सोमवार असूनही रविवारची टोपी घातली होती. आमच्यात चर्चमधल्या थोर बाईला मदर म्हणतात, मग तिला पोरंबाळं असोत नसोत. तिच्या खालच्या ओठावर मसुराएवढा काळा डाग पडला होता. तो डाग ती भेटेल त्याला दाखवत होती. “बग, निखारा टेकवला देवदूतानं. पाळक सांगत्यात न्हवं का, तसाच.”

ओझेलनं डागाकडं बघितलं आणि नळ फिरवायचा थांबला. नळानं रिकामी हवा ओढायला सुरुवात केली तशी आतून मुकादम ओरडला.

म्हातारी गेल्यावर केक तसाच ट्रॉलीच्या कडेला राहिला. मी गाठी बांधायच्या प्रेसवर होतो, दुपारच्या सुट्टीत त्याच्याशेजारी जाऊन बसलो. म्हणालो, “खाईनास?”

“तूच खा.”

मी खाल्ला. चांगला झाला होता. ओझेल माझ्याकडं बघत होता ते एखाद्याला उष्टं खाताना पकडल्यासारखं. त्याचं कारण मला बऱ्याच वर्षांनी कळलं, मदर गेल्यावर. तोवर त्यानं ते एका माणसाशिवाय कुणाजवळ काढलं नाही.

मिसिसिपीच्या डेल्ट्यात आमचं गाव. कापूस, मासळीची तळी आणि चर्च, एवढंच. त्या चर्चमध्ये मी ड्रम वाजवायचो आणि ओझेल बेस. गिटारसारखंच असतं ते, पण चार जाड तारांचं आणि लांब मानेचं. त्याचा आवाज कानाला कमी आणि बरगड्यांना जास्त कळतो. पोरांना गिटार पाहिजे असायची, पोरी बघतात म्हणून. बेस कुणाला नको होता, म्हणून तो ओझेलच्या गळ्यात पडला. पुढं जिनाच्या करवतींनी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. ह्याचं वाजवणं संपलं, असं गाव धरून चाललं. तो महिनाभर घरी बसला आणि अंगठ्यानं वाजवायला शिकून आला. तळहाताची कड तारांवर टेकवायची आणि अंगठ्याच्या मांसानं तार खाली दाबून सोडायची. नखाचा स्पर्श नाही. आवाज असा यायचा की वरच्या मजल्यावर कुणी जड माणूस अनवाणी चालतोय.

तारा सपाट गुंडाळीच्या, बोटाला खरखर न लागणाऱ्या, आणि त्या त्यानं कधी बदलल्या नाहीत. आल्टन आमचा गिटारवाला. तो दर महिन्याला नव्या तारा चढवायचा आणि ओझेलला चिडवायचा, “आरं, त्या तारांवर तुझ्या बाच्या हातचं त्याल आसंल.”

“म्हनूनच गुळगुळीत हायेत. तुझ्या तारा बायकोवानी बोलत्यात. माज्या ऐकून घेत्यात.”

पुलापाशी, जिथं तारा शेवटी टेकतात तिथं, त्यानं स्पंजाचा तुकडा कोंबला होता. म्हणजे सूर निघाला की लगेच बसतो, रेंगाळत नाही. पाळक बोलायला लागले की तो त्यांच्या दोन वाक्यांच्या मध्येच एखादा सूर ठेवायचा, शब्दावर कधी पाय द्यायचा नाही. पुष्कळ वाजवणारे मी बघितले. न वाजवता बसायला जमणारा हाच.

आणि त्याची पेटी. जुन्या रेडिओत असायचे तसले व्हॉल्व्ह असलेला अ‍ॅम्प्लिफायर, दोन माणसांनी उचलावा असा. नव्या हलक्या पेट्या निघाल्या होत्या, पण त्यांचा आवाज त्याला पत्र्याचा वाटायचा. पेटीची तो दुभत्या जनावरासारखी निगा राखायचा. मागची फळी काढून धूळ झटकायची, व्हॉल्व्हची पावलं बसतात ती भोकं दात कोरायच्या काडीनं साफ करायची, स्पीकरच्या कागदाला चीर गेली की बायकोच्या नखांच्या रंगानं चिकटवायची. आत हात घालायच्या आधी साठलेला करंट उतरवायचा. हे तर तो पोरांना मानगूट धरून शिकवायचा. आल्टननं एकदा घरघर जावी म्हणून आपल्या प्लगची तिसरी पिन, अर्थिंगची, पकडीत धरली होती, तर ओझेलनं त्याच्या हातावर चापट मारली होती सगळ्यांदेखत. “मराचं आसंल तर घरी जाऊन मर. हितं बायामानसं हायेत.”

असा माणूस.

त्या साली चर्चच्या वर्धापनाला नवे माईक आणि कर्णे घेतले. ते लावले त्या दिवसापासून ओझेलची पेटी गुणगुणायला लागली. वाजवताना नाही, गप्प असताना. प्रार्थनेत सगळे डोळे मिटून बसलेले आणि कोपऱ्यातून मोहोळ उठल्यासारखा आवाज. पाळकांनी एक डोळा उघडून त्याच्याकडं बघितलं. लव्हेडाबाई, म्हणजे मदर टॉलिव्हरची नणंद, तिनं पंखा तोंडाशी धरून पुरत्या मंडळीला ऐकू जाईल असं विचारलं, “ओझेल, म्हस व्यायला झाली का रं तुझी?”

बाया खिदळल्या. ओझेलच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पुढच्या रविवारी वर्धापन, तीन गावांचे गायक यायचे होते. शनिवारी तो एकटा चर्चमध्ये गेला, इकडंतिकडं बघितलं, आणि पकडीनं आपल्याच प्लगची तिसरी पिन तोडली. वर्धापन झालं की नीट करू, असं म्हणाला स्वतःला. गुणगुण गेली. त्याला बरं वाटलं. तेच त्याला पुढं सगळ्यात जास्त टोचलं, की बरं वाटलं.

आता मदर टॉलिव्हरचं ऐका. आमच्या चर्चमध्ये गाणं चढलं की माणसाच्या अंगात पवित्र आत्मा उतरतो. कुणी नाचतं, कुणी ओरडतं, कुणी आडवं होतं आणि पांढरे हातमोजे घातलेल्या बाया त्याला वारा घालतात. लव्हेडाच्या अंगात दर रविवारी यायचा, घड्याळ लावून घ्यावं इतका वेळेवर. मदरच्या अंगात कधीच आला नाही. प्रभुभोजनाची भाकर ती करायची, पांढरी वस्त्रं ती धुवायची, मयताच्या घरी सगळ्यांआधी ती जायची, गाणंही तिच्याएवढं कुणाला येत नव्हतं. आणि ती नुसती उभी राहायची, डोळे मिटून, वाट बघत. लव्हेडा म्हणायची, “काई जमिनीत पानीच लागत न्हाय, त्याला काय करावं?” मदर हसून सोडायची. घरी जाऊन काय करायची ते कुणी बघितलं?

त्या रविवारी तिचे गुडघे दुखत होते. गाताना आधार म्हणून तिनं डावा हात पेटीच्या वरच्या पत्र्यावर ठेवला आणि माईक तोंडाशी ओढला. दुसऱ्या कडव्याला ती चांगली रंगात आली आणि ओठ माईकच्या जाळीला लागले.

जी किंकाळी निघाली ती मी विसरलो नाही. तिचं अंग ताठ झालं, टोपी उडाली, हात पत्र्याला चिकटून थरथरायला लागला. मंडळी उभी राहिली, “उतरला! मदरवर उतरला!” मला तर रडूच आलं, वाजवताना.

ओझेलनं मात्र तिच्या ओठावरची ठिणगी बघितली होती. त्यानं लाथ घालून प्लग बोर्डातनं उडवला. हात सुटला आणि म्हातारी मागं कोसळली, ती बायांच्या हातांत. जिवंत होती. डोळे उघडून छताकडं बघत होती आणि तोंडभर हसत होती. चर्चचं छत उडायची वेळ आली होती. पाळकांनी ओझेलकडं बोट केलं, “थांबलास का? वाजीव, वाजीव!”

ओझेलनं वाकून प्लग परत लावला. आणि वाजवलं.

तसं त्यानं आधी वाजवलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी ड्रमवर त्याच्यामागं धावत होतो. मला वाटलं, ह्याच्याही अंगात उतरलाय. तो नंतर मला म्हणाला, “बसलो आसतो तर लोकांनी इचारलं आसतं, का बसलास? म्हनून वाजवलं. जितकं जोरात वाजवीन तितकं मागचं झाकंल आसं वाटत हुतं.”

सोमवारी ती केक घेऊन आली ते ह्यावर. त्याच दिवशी पाळी संपल्यावर ओझेल चर्चमध्ये गेला. मागची फळी काढली, करंट उतरवला. आतला एक जुना कंडेन्सर पाझरत होता आणि भिंतीतला करंट पत्र्यात सांडत होता. अर्थिंग असतं तर तो जमिनीत गेला असता. पिन तोडल्यावर त्याला जायला माणूसच राहिलं, हातातनं ओठात आणि ओठातनं माईकच्या अर्थिंगला. कंडेन्सर कापून टाकला, प्लग नवा बसवला. आणि मग माईकच्या पेटीचा प्लग आणि आपला प्लग, दोन्ही एकाच बोर्डात लावून बघितले. गुणगुण नव्हती. दोन प्लग दोन भिंतींना होते म्हणून ती म्हैस हंबरत होती. शनिवारी हे केलं असतं तर पकड खिशातनं काढावी लागली नसती. तो तिथंच जमिनीवर बसून राहिला, फळी मांडीवर घेऊन.

आठवडाभर मदरनं गाव पालथं घातलं. दुकानात सांगितलं, दवाखान्यात सांगितलं. लव्हेडाच्या दारात जाऊन सांगितलं. ओझेलला रोज कुणीतरी पाठीवर थाप मारत होतं. ‘आज सांगतो’ म्हणून तो रोज तिच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जायचा आणि तिथनं वळून यायचा.

रविवार आला. मदर पेटीपाशी उभी राहिली, पंजा पत्र्यावर पसरून. गायली, ओठ जाळीला टेकवून गायली. काही झालं नाही. तिनं तेच कडवं परत घेतलं. आम्ही परत वाजवलं. तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा तिचा आवाज बारीक झाला होता आणि तिची बोटं पत्र्यावरून फिरत होती, कुलूपबंद दार चाचपावं तशी. पुढच्या बाकावर लव्हेडानं पंखा हलवायचा थांबवला आणि शेजारणीला कोपर मारलं. ओझेलच्या पायाशी प्लग होता. त्यानं मला जे सांगितलं त्यातलं हे सगळ्यात खालच्या आवाजात सांगितलं: त्याच्या मनात आलं की ह्या प्लगची अर्थिंगची पिन क्षणभर काढता आली तर? कंडेन्सर कापला नसता तर आपण काय केलं असतं, हे तो स्वतःशीसुद्धा बोलला नाही.

उपासना सुटल्यावर मागच्या स्वयंपाकघरात मदर कोंबडीचे तळलेले तुकडे कागदात बांधत होती. एकटीच होती.

“माजंच चुकलं, ओझेल,” ती म्हणाली. “आठवडाभर लई तोंड वाजवलं. मिरवलं. म्हनून गेला त्यो.”

“मदर, गेला न्हाय. आलाच न्हवता.”

“म्हंजे?”

त्यानं सांगितलं. पिन, पकड, पत्रा, सगळं. तुकडे बांधता बांधता तिचे हात थांबले. एक बोट ओठाच्या डागावर गेलं आणि लगेच खाली आलं.

“म्हंजे करंट हुता.”

“व्हय.”

“आन आज म्या नुसत्या पत्र्याला हात लावून हुबी हुते.”

“व्हय, मदर.”

“तुला तवाच ठाव हुतं?”

“व्हय.”

“आन तू वाजवत ऱ्हायलास.”

तिनं पुढचा तुकडा कागदात ठेवला. ती म्हणाली, “लई ग्वाड वाजवलंस त्या दिशी.”

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणायचा.

“म्या मंडळीत हुबा ऱ्हातो, मदर. समद्यांपुढं सांगतो, माजी चूक.”

“खबरदार.” तिनं कागदाला गाठ मारली. “तू सांगून मोकळा हुशील. टाळ्याबी मिळतील तुला, खरं बोलला म्हनून. आन म्या? लव्हेडाच्या तोंडाम्होरं म्या जल्मभर करंट लागल्याली म्हातारी? त्ये काय न्हाय. तुझं तुझ्यापाशी ठिव.”

“तुमी मेला आसता, मदर.”

“न्हाय मेले. जा आता, ह्यो पुडा तुझ्या बायकूला दे. गार हुतोय.”

तो पुडा घेऊन निघाला. दारात पोचल्यावर तिनं हाक मारली. “ओझेल, त्यो पत्रा आता नीट हाय न्हवं? दुसऱ्या कुनाला लागायचा न्हाय?”

“नीट हाय.”

“मंग झालं.”

त्यानंतर ती माईक पेटीपासून चार हात लांब ओढून गायची, काठी टेकून. मंडळी समजली की मदरला आता आधार लागत नाही, आत्म्यानंच बळ दिलं. लव्हेडासुद्धा गप्प बसली. ओझेल तिच्यामागं वाजवायचा, नेहमीपेक्षा कमी. कुणी त्याची स्तुती केली की तो उठून पाणी प्यायला जायचा.

मदरला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी जिनावर पोचलो तेव्हा तो आधीच आला होता. मी म्हणालो, “काल काय गुपचूप काम हुतं मदरचं तुझ्याशी?”

“काय न्हाय. कोंबडी दिली.”

“मला न्हाय दिली.”

“तू केक खाल्लास की.”

मुकादमानं भोंगा दिला. रस्त्यावर नऊ-दहा ट्रॉल्या येऊन थांबल्या होत्या, आभाळ भरून आलं होतं आणि ओला कापूस कुणाला नको होता. ओझेल पहिल्या ट्रॉलीत चढला, नळ खाली ओढला आणि कापूस ओढून द्यायला लागला.