शीतलचे स्थळ आणि माझी तीन बटणे

माझ्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या नामुष्कीला कांदेपोह्यांच्या फोडणीचा वास आहे. आजही कुणाच्या स्वयंपाकघरात कढीपत्ता तडतडला, की माझे हात आपोआप पाठीमागे बांधले जातात.

कुरवंड्याच्या आमच्या घरातील तीन खोल्या आम्ही पर्यटकांना राहायला देतो. पर्यटक संगणकावर प्रश्न पाठवतात, आणि ते वर्षानुवर्षे तेच असतात. रविवारी येऊ का? कुत्रा आणू का? आरक्षण रद्द कराल का? मराठी काव्य घेऊन एम.ए. झालेल्या बाईने तीच तीन उत्तरे दिवसातून वीसदा टंकावीत? छे! मी फुकटचे धडे वाचून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहिली. एफ-सहा, एफ-सात, एफ-आठ. बटण दाबले की अख्खे उत्तर उमटे आणि (हा माझा खास दागिना!) लगेच रवानाही होई. ही सोय पडद्यावर उघडलेल्या कोणत्या खिडकीत चालावी, हे स्क्रिप्टमध्ये नमूद करायचे असते. मी ठरवले, सर्व! कवीने खिडक्यांत भेदभाव का करावा?

माझी नणंद शीतल वडगाव मावळच्या शाळेत गणित शिकवते. अकरा स्थळे नाकारल्यावर बारावा मुलगा तिला फोटोतच आवडला, तेव्हा सासूबाईंनी आनंदाने हंबरडाच फोडला. मुलगा नाशिकचा, म्हणून पहिली भेट संगणकाच्या पडद्यावर ठरली. तरीही सासूबाईंनी पोहे केलेच.

"आई, ते पडद्यातून खाणार कसे?" शीतलने विचारले.

"खाऊ देत, न्हाईतर नको खाऊ देत! पोरगी दाखवायची आन् म्होरं बशी न्हाई, आसं कुटं आस्तंय व्हय?"

डोंगरावरच्या वाऱ्याने आवाज तुटू लागला. चेहरे दिसत, ओठ हलत, शब्द मात्र वाटेतल्या दरीत पडत. मग बोलणी पडद्याच्या कडेच्या चौकटीत लिहून सुरू झाली. आमच्या बाजूची लेखणी अर्थातच माझी! मुलाच्या आईने लिहिले, 'मुलगी पसंत आहे. रविवारी यावं म्हणतो.'

शीतल लाजली. सासूबाईंनी डोळे पुसले. आणि 'रविवारी' हा शब्द दिसताच माझे बोट, निव्वळ सवयीने, एफ-सहावर पडले.

'आपल्या पावलांनी आमचे डोंगर हिरवे होतील! मात्र ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही.'

पलीकडचे ओठ हलायचे थांबले. उत्तर आले, 'ओळखपत्र? कुणाचं?'

"आगं, काय लिवलंस?" म्हणत सासूबाई पुढे धावल्या, आणि हातातली पोह्यांची बशी त्यांनी आदळली ती थेट कीबोर्डवर, एफ-सातच्या डोक्यावर!

'आपला लाडका प्राणी अवश्य आणा. तो गादीवर चढणार नाही, याची हमी मात्र द्यावी.'

मुलाची आई मुलाकडे पाहू लागली.

"वहिनी, माफी माग! लवकर!" शीतल किंचाळली.

माफी! एफ-आठचे उत्तर 'क्षमस्व' या शब्दाने सुरू होते, एवढे मला लख्ख आठवले. (त्यापुढचे, दुर्दैवाने, बटण दाबल्यावर आठवले.)

'क्षमस्व! आपले आरक्षण रद्द करण्यात आले आहे. धुके पुन्हा कधीतरी भेटेल.'

पडदा काळा झाला. ते उठून गेले की वाऱ्याने नेले, कळेना. थंड पोह्यांवरचे खोबरे कीबोर्डच्या फटींत अलगद उतरत होते.

"बारावं स्थळ होतं, वहिनी," शीतल हळूच म्हणाली. "पण आवडलेलं पहिलंच."

पाऊण तासाने फोन वाजला. मुलाची आई होती. मी पर्यटक, बटणे, बशी असा सगळा खुलासा केला. पलीकडे हसण्याचा स्फोट झाला. "अहो, आमचा मुलगा मघापासून पोट धरून लोळतोय! म्हणतो, आरक्षण रद्द झालं तरी मी जाणारच!"

रविवारी तो आला. दारातच त्याने सासूबाईंपुढे ओळखपत्र धरले. मग दिवाणाजवळ घुटमळत शीतलला विचारले, "बसू का? गादी आहे, म्हणून विचारलं." शीतल इतकी हसली, की या खेपेचेही पोहे सांडले.

लग्न ठरले. पत्रिकेचा मजकूर घरातल्या एकुलत्या एका कवयित्रीनेच लिहायचा, यात मला तरी शंका नव्हती. मी पदर खोचला, बोटे मोडली आणि संगणकापुढे बसून 'आपल्या पावलांनी' एवढे लिहिते न लिहिते, तोच शीतल शेजारी येऊन उभी राहिली. तिने कीबोर्डकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. आणि म्हणाली,

"सरक."